पोलादी देह आणि मिठाची टंचाई

‘मोबाइल सूट गंडम’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी नागोया टीव्हीवरून सुरू झाली आणि ४३ भाग होऊन २६ जानेवारी १९८० रोजी गुंडाळली गेली. ‘गुंडाळली’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. ठरले होते ५२ भाग. पण पाहणारे कमी, खेळण्यांना उठाव नाही, म्हणून क्लोव्हर या प्रायोजक खेळणी कंपनीने हात आखडता घेतला. दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचे, पात्रांची रेखाटने योशिकाझु यासुहिको यांची, यंत्रांची कुनियो ओकावारा यांची, निर्मिती निप्पॉन सनराइझ या स्टुडिओची. खुद्द प्रायोजकाचा जिच्यावर भरवसा उरला नव्हता, त्या मालिकेतल्या यंत्राची १८ मीटर उंच, खऱ्या मापाची प्रतिकृती २००९ मध्ये तोक्योच्या ओदाइबा भागात उभी राहिली आणि ती पाहायला लोकांच्या रांगा लागल्या. मधल्या तीस वर्षांत मालिका बदलली नाही. तिच्यातले जे चांगले होते ते उशिरा कळले आणि जे वाईट होते ते लोकांनी पोटात घातले.

महाकाय यंत्रमानव जपानला नवा नव्हता, आणि तसा तो वऱ्हाडालाही नवा नाही. दूरदर्शनने १९८०च्या दशकात ‘जायंट रोबोट’ दाखवली, तेव्हा वाशिम अजून अकोला जिल्ह्याचा तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्या काळी गल्लीत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर पोरांची गर्दी व्हायची. जपानमध्ये १९६७-६८ साली २६ भागांत आलेली ती मालिका चित्रांची नव्हती, माणसांनी सोंगे चढवून केलेली होती. मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि इजिप्तच्या राजासारख्या चेहऱ्याचा रोबोट त्याचा हुकूम पाळायचा. तिचा मूळ कर्ता मित्सुतेरू योकोयामा. त्यानेच १९५६ मध्ये ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू करून या साऱ्या गोत्राचा पाया घातला. पुढे १९७२ मध्ये गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने चालकाला रोबोटच्या डोक्यात नेऊन बसवले. या दोन्ही पिढ्यांचा यंत्रमानव म्हणजे दिव्याच्या राक्षसाचाच पोलादी अवतार. त्याला डिझेल लागत नाही, त्याचा सुटा भाग मागवावा लागत नाही, तो एकमेव असतो आणि त्याचा शत्रूही दर आठवड्याला नवा, एकटादुकटा राक्षस असतो.

गंडमने मोडले ते नेमके हे. त्यातल्या यंत्रांना यंत्रमानव म्हणणेच चुकीचे ठरेल. ‘मोबाइल सूट’ म्हणजे अंगावर चढवायचे चालते-फिरते चिलखत, पण वागणूक मात्र सोयाबीनच्या हंगामात शेतात उतरणाऱ्या हार्वेस्टरची. त्याला कारखान्याचा नमुना क्रमांक आहे, चालक बदलता येतो, धार बोथट होते, दुरुस्तीला मिस्त्री लागतो, आणि माल संपला की ते जागच्या जागी उभे राहते. शत्रूचा एकडोळ्या ‘झाकू’ शेकड्यांनी बनतो. तो दुष्ट नाही, ते लष्करी सामान आहे. गंडम स्वतःसुद्धा प्रयोगासाठी बनवलेला नमुना आहे. त्याच्यावरून पुढे काढलेली ‘जिम’ नावाची स्वस्त आवृत्ती युद्धाच्या शेवटी घाऊक संख्येने उतरते आणि घाऊक संख्येनेच मोडते. जपानी समीक्षेत या वळणाला ‘रिअल रोबोट’ असे नाव पडले.

पहिला भाग या बदलाचा उत्तम नमुना आहे. अमुरो रे हा पंधरा वर्षांचा, यंत्रांत रमणारा, काहीसा एकलकोंडा मुलगा अंतराळातल्या वसाहतीत राहतो. शत्रूचे टेहळणी पथक हल्ला करते, पळापळ होते आणि त्याच्या हाती गंडमचे माहितीपुस्तक लागते. तो चालकाच्या खुर्चीत बसतो आणि पुस्तक मांडीवर उघडे ठेवून, पाने उलटत यंत्र चालवतो. त्याला कुणी वर दिलेला नाही, कुणी निवडलेले नाही. तो समोरच्या झाकूला तलवारीने चिरतो आणि झाकूच्या इंजिनाचा स्फोट होतो. स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते, आतली हवा बाहेर धाव घेते आणि तिच्याबरोबर ओढला जाणाऱ्यांत गंडमचा निर्माता, म्हणजे अमुरोचा बापच, असतो. दुसऱ्या झाकूवर वार करताना पोरगा इंजिन टाळून चालकाच्या कप्प्यातच पाते खुपसतो, स्फोट होऊ नये म्हणून. पहिल्या भागातच मुलगा दोन गोष्टी शिकतो: शस्त्र कसे चालते आणि माणूस नेमका कुठे मारायचा. मालिका त्यावर एक शब्दही भाष्य करत नाही. अभिमन्यूची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला पोरवयाच्या योद्ध्याचे नवल नाही; नवल आहे ते इथे शंख-नगारे नसण्याचे.

अठरा मीटर उंचीच्या, माणसाच्या आकाराच्या यंत्राने युद्ध लढणे मुळात वेडेपणाच आहे. रडार आणि क्षेपणास्त्रे असताना एवढे मोठे लक्ष्य कोण उभे करील? कर्त्यांनी यावर ‘मिनोव्हस्की कण’ नावाची तोड काढली. हे कण हवेत सोडले की रडार आंधळे होते आणि दूरसंपर्क तुटतो, म्हणून लढाई पुन्हा डोळ्यांनी दिसेल इतक्या अंतरावर येते. हे विज्ञान नव्हे, थाप आहे. पण चांगली थाप आहे, कारण एकदा मारल्यावर तिचे परिणाम प्रामाणिकपणे पाळले आहेत. जहाजांना एकमेकांचा पत्ता लागत नाही, हुकूम वेळेवर पोहोचत नाहीत, मदत येणार की नाही याची खात्री नसते. वसाहतींची रचना मात्र हवेतून काढलेली नाही. ती जेरार्ड ओनील या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलेल्या, सुमारे ३२ किलोमीटर लांब आणि साडेसहा किलोमीटर व्यासाच्या फिरत्या नळकांड्यांवर बेतलेली आहे.

मालिकेचे सर्वांत मोठे बळ कुठल्या चकमकीत नाही, रसदीत आहे. ‘व्हाइट बेस’ हे जहाज निर्वासितांना आणि अर्धवट शिकलेल्या पोरांना घेऊन पळत असते. कप्तान ब्राइट नोआ अवघा एकोणीस वर्षांचा. सोळाव्या भागात मुदपाकखान्याचा आचारी तामुरा तक्रार घेऊन येतो: मीठ संपत आले आहे. शत्रू मागावर असताना जहाजाला मिठाची सोय करावी लागते आणि मध्य आशियातल्या लोप नोर या खाऱ्या सरोवराकडे वळावे लागते. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या पश्चिमेला, जिल्ह्याची सीमा ओलांडली की लोणार आहे, ज्याच्या नावातच लवण आहे आणि ज्याच्या काठचा खार माणसे पूर्वापार गोळा करत आली. तिथल्या वाचकाला या भागाची गंमत चटकन कळेल. सैन्य पोटावर चालते हे सगळेच सांगतात, पण जहाजावरच्या माणसांच्या आमटीत मीठ नाही म्हणून महायंत्राचा मार्ग बदलतो, हे दाखवायची हिंमत खेळणी विकणाऱ्या मालिकेने क्वचितच केली असेल. मातिल्दा ही अधिकारीसुद्धा लढाऊ तुकडीची नाही, पुरवठा पथकाची आहे. अमुरोला ती देवासारखी वाटते, कारण ती सुटे भाग आणते. चोविसाव्या भागात ती मारली जाते तीही आपले मालवाहू विमान लढाईत आणून, व्हाइट बेसला वाचवताना.

दुसरे बळ राजकारणाचे. माणसे जास्त झाली म्हणून निम्म्याहून अधिक लोकसंख्या अंतराळात पाठवली. निर्णय मात्र पृथ्वीवरचे संघराज्यच घेत राहिले. सर्वांत दूरची, चंद्रापलीकडची वसाहत ‘साइड ३’ स्वतःला ‘झिऑन’ म्हणवून घेते आणि स्वातंत्र्याचे युद्ध पुकारते. ज्या भागात ‘अनुशेष’ हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, १९५३च्या नागपूर कराराचा दाखला अजून दिला जातो आणि आपला वाशिम जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आल्याचे वर्तमानपत्रात वाचावे लागले, तिथे या तक्रारीचा स्वर ओळखीचा वाटेल. राजधानी दूर आणि निधी त्याहून दूर, हे गाऱ्हाणे परके नाही. मालिकेची जाण अशी, की ती हे गाऱ्हाणे खरे मानते आणि तरीही त्याच्या नावाने सत्ता बळकावणाऱ्या झाबी घराण्याला माफ करत नाही. झिऑनच्या मूळ विचारवंताच्या मृत्यूनंतर प्रजासत्ताकाची राजेशाही होते. धाकटा राजपुत्र गार्मा मरतो आणि बाराव्या भागात थोरला भाऊ गिहरेन त्याच्या अंत्यविधीचे प्रचारसभेत रूपांतर करतो: संघराज्याचे बळ आपल्या तीसपट, तरी आपण लढलो, कारण न्याय आपल्या बाजूला. पुढे त्याचा बापच त्याला हिटलरच्या पंक्तीत बसवतो. तोमिनो यांचा जन्म १९४१चा, युद्धाच्या ऐन काळातला. यासुहिको विद्यार्थी चळवळीपायी विद्यापीठातून काढले गेलेले. चळवळ खरी असते आणि तिचा ताबा भलताच कुणी घेतो, हे दोघांपैकी कुणालाही पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

शत्रूला चेहरा देणे हे याच राजकारणाचे फळ. आठव्या भागात निर्वासित जहाजातून उतरलेली एक आई आपल्या मुलाला घेऊन गावाकडे निघते आणि झिऑनचे टेहळणी विमान त्या दोघांसाठी शिधा टाकते. गाव मात्र उरलेलेच नसते. रांबा राल हा पोक्त सरदार अमुरोला उपाहारगृहात भेटतो, त्याची धिटाई पाहून खूश होतो आणि थोड्याच वेळात त्याच्याशी जीवघेणे लढतो. आणि शार अझ्नाबल. लाल यंत्र, मुखवटा, खोटे नाव. तो झिऑनच्या सैन्यात आहे, पण झाबी घराण्याचा काटा काढण्यासाठी; जिवलग मित्र गार्माला तोच मृत्यूच्या तोंडी देतो. त्याची सख्खी बहीण सायला व्हाइट बेसवर, म्हणजे विरुद्ध बाजूला. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ वाचून कर्णाच्या बाजूने हळहळलेल्या मराठी वाचकाला शार आपलासा वाटण्याचा धोका आहे. धोका एवढ्यासाठी की कर्णाकडे दानत होती. शारकडे फक्त वैर आहे आणि ते लपवायला देखणा चेहरा.

उणिवांकडे वळताना पहिला हिशेब खेळण्यांचा. गंडमचा पांढरा-निळा-लाल-पिवळा भडक रंग युद्धाच्या कोणत्याही तर्कात बसत नाही. तो दुकानाच्या फळीसाठी आहे. साखळीला बांधलेला काटेरी लोखंडी गोळा हे तर उघड उघड जुन्या रोबोटपटातले हत्यार. मध्येच एक जोड-विमान येते, गंडमला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. कथेला त्याची गरज नाही, खोक्यात भरून विकायला आहे. झिऑनकडूनही मधल्या टप्प्यात आठवड्याला एक नवे, विचित्र आकाराचे यंत्र येऊ लागते आणि मोडीत काढलेला जुना साचा मागच्या दाराने परततो. नायकाचे प्रमाणही सुटते. तेहतिसाव्या भागात झिऑनची बारा ‘रिक डोम’ यंत्रे तीन मिनिटांत संपतात. तिथे हार्वेस्टर पुन्हा दिव्यातला राक्षस होतो.

चित्रांचा दर्जाही एकसारखा नाही. तीच ती दृश्ये परत वापरली जातात. आणि यासुहिको आजारपणाने रुग्णालयात गेल्यावर शेवटच्या भागांतले चेहरे भागागणिक बदलतात. ज्याला आजच्या संगणकी सफाईची सवय आहे, त्याने हे आधीच मनाशी धरून बसावे.

पण याहून खोल उणीव गोष्टीच्या आत आहे. युद्धाच्या पहिल्या महिनाभरात निम्मी मानवजात मेली, असे निवेदक आरंभीच सांगतो. झिऑनने एक अख्खी वसाहत पृथ्वीवर ढकलली आणि सिडनी शहर नकाशावरून गेले. आकाशातून पडलेल्या एका दगडाने जमिनीचे काय होते हे लोणारच्या काठावर उभे राहून पाहता येते. विवराचा व्यास १.८ किलोमीटर आणि दगड त्या मानाने किरकोळ. इथे पडते ती तीसेक किलोमीटर लांबीची, माणसांचे गाव असलेली वस्तू. एवढ्या मोठ्या हत्याकांडाचे वजन ४३ भागांत कुठेच पुरेसे जाणवत नाही. आवाज ते वाक्य उच्चारतो, संगीत वाजते आणि झिऑनचे रुबाबदार गणवेश पडद्यावर येतात. झिऑनच्या साध्या घरातला माणूसही दिसत नाही: ज्याच्या गाऱ्हाण्यावर हे युद्ध उभे आहे त्याची चूल, त्याची रांग, त्याचा कर. सरदार दिसतात, राजवाडा दिसतो, शिपाई दिसतात. अनुशेषाची भाषा बोलणारे सगळे पुढारीच, असा प्रकार. परिणामी बरेच प्रेक्षक झिऑनच्या प्रेमात पडले आणि पोशाखाखालच्या प्रेतांचा त्यांना विसर पडला. हा दोष केवळ प्रेक्षकांचा नाही.

शेवटच्या तिसऱ्या हिश्शात ‘न्यूटाइप’ ही कल्पना जोर धरते: अंतराळात वाढलेल्या माणसाची जाणीव विस्तारते आणि शब्दांविना मने एकमेकांना कळतात. आरंभी ही जाणीव लढण्याच्या चपळाईपुरती आहे, तोवर ती खपते. नंतर तिच्यावर फार मोठा भार टाकला जातो. मीठ, सुटे भाग आणि राज्यकारभार यांतून विणलेल्या युद्धावर एकदम मनोमीलनाचा उतारा काढला जातो आणि विणीचा धागा निसटतो. याच्या केंद्रस्थानी लाला सून आहे. सावळी कांती, कपाळावर कुंकवासारखा ठिपका, डोळ्यांत गूढ शांती. रसिकांनी ती भारतीय मानली यात आश्चर्य नाही. पण हिचा पूर्वेतिहास जवळपास सांगितलाच जात नाही. ती चौतिसाव्या भागात तळ्याकाठी अमुरोला भेटते, एका पांढऱ्या पक्ष्याचे मरण पाहते आणि एक्केचाळिसाव्या भागात शारला वाचवताना अमुरोच्याच पात्यावर मरते. तो प्रसंग रंग-रेषांनी अविस्मरणीय केला आहे, हे मान्य करावेच लागते. मात्र भारतीय प्रेक्षकाला प्रश्न पडतो तो निराळा: दोन पुरुषांच्या वैराला अर्थ यावा म्हणून पूर्वेकडची एक मुलगी आणायची, तिला अंतर्ज्ञान द्यायचे आणि घर, भाषा, रागलोभ काहीच द्यायचे नाही, ही कसली आत्मीयता? मोरपीस खोवून ‘भारतीय’ वातावरण उभे करणाऱ्या पाश्चात्त्य चित्रांशी तिचे नाते जवळचे आहे.

स्त्रीपात्रांबाबत मालिका एकूणच कच्ची, पण तेराव्या भागाला त्यातून वगळायला हवे. अमुरो बऱ्याच वर्षांनी आईला भेटतो. निर्वासितांच्या छावणीत शत्रूचे शिपाई येतात, तो खाटेवर पांघरुणाखाली लपतो आणि पांघरुणाआडूनच गोळी झाडतो. आईला सुटकेचा आनंद होत नाही. आपला मुलगा माणसावर गोळी झाडू शकतो याचा तिला धक्का बसतो. तो जहाजावर परत जातो आणि जाताना तिला कडक लष्करी सलाम करतो. दोघांपैकी चूक कुणाचीच नाही. मालिकेची युद्धविरोधी भूमिका कोणत्याही भाषणापेक्षा या सलामात जास्त आहे.

बंद पडल्यावर मालिका जगली ती पुनःप्रक्षेपणांमुळे आणि बंडाई या कंपनीमुळे. जुलै १९८० मध्ये बंडाईने १/१४४ मापाचा, जोडायचा प्लास्टिक गंडम ३०० येनला बाजारात आणला. क्लोव्हरची खेळणी लहान मुलांसाठी होती. बंडाईची किट थोड्या मोठ्या, मालिका समजून पाहणाऱ्या मुलांच्या हाती पडली आणि खप थांबेना. इथे एक विसंगती कायमची चिकटली. शस्त्र ही शोकांतिका आहे असे सांगणारी कथा त्याच शस्त्राच्या विक्रीवर पोसली जाते आणि पुढची प्रत्येक गंडम मालिका आधी नवे यंत्र शोधते, मग युद्ध. १९८५ची ‘झेटा’ अधिक कडवट आहे. १९९५ची ‘विंग’ चकचकीत. २०१५ची ‘आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’ बालसैनिकांच्या मजुरीचा मुद्दा थेट हाती घेते. मूळ कोड्यातून यांपैकी कुणीच पूर्ण सुटलेले नाही.

नव्याने पाहणाऱ्याला सहसा १९८१-८२ मध्ये त्याच चित्रणातून बेतलेले तीन चित्रपट सुचवले जातात. त्यांत जोड-विमानाचा पसारा काढून टाकला, तिसऱ्या चित्रपटासाठी बरीच दृश्ये नव्याने रेखाटली आणि कथा घट्ट केली. हा सल्ला वेळ वाचवणारा आहे, पण मालिकेचा श्वास रेंगाळण्यात आहे, आणि ते रेंगाळणे चित्रपटांत उरत नाही. ज्याला सवड आहे त्याने मूळ ४३ भागच पाहावेत, भडक रंगांसकट.

त्यांतला पंधरावा भाग चित्रांच्या दृष्टीने इतका फसलेला आहे, की तोमिनो यांच्या इच्छेवरून अमेरिकेतल्या आवृत्तीतून तो वगळला गेला, आणि तिन्ही चित्रपटांतही त्याला जागा मिळाली नाही. झाकूचा चेहरा दृश्यागणिक लांबतो, हातपाय पिळवटतात. गोष्ट एवढीच, की कुकुरुस डोआन नावाचा झिऑनचा शिपाई सैन्य सोडून एका बेटावर अनाथ पोरे सांभाळतो आणि त्यांच्या रक्षणासाठी आपला झाकू जवळ ठेवतो. २०२२ मध्ये यासुहिको यांनी याच वगळलेल्या भागावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला. मूळ भागाच्या शेवटी अमुरो म्हणतो की या यंत्राला चिकटलेला युद्धाचा वासच शत्रूंना इथवर खेचून आणतो. गंडमच्या हातांनी तो झाकू उचलतो आणि समुद्रात फेकून देतो. पोरे काठावर उभी राहून पाहतात.